वर्षभरात निवर्तलेल्यांची यादी डिसेंबरातच बंद करावी का?

प्रश्न : वाचनालय कार्यकर्ता, अमळनेर तालुका

सर्वांना नमस्कार.

आमच्या गावच्या वाचनालयात गेली नऊ वर्षे एक प्रथा चालू आहे. सरत्या वर्षात निवर्तलेल्या खानदेशातील माणसांची नावे, त्यांच्या कामाविषयीच्या दोन-चार ओळींसह, एका मोठ्या फलकावर रंगवून घ्यायची, ३१ डिसेंबरला तो फलक दर्शनी भिंतीवर लावायचा आणि दिवेलागणीला जमलेल्या मंडळींसमोर एकेक नाव वाचून दाखवायचे, असा हा कार्यक्रम असतो. लेखक, शिक्षक, डॉक्टर, स्वातंत्र्यसैनिक, कीर्तनकार, पंचक्रोशीत नाव कमावलेले पहिलवान असे सगळे त्यात येतात. नाव वाचले जात असताना त्या घरची माणसे उभी राहतात, आणि त्या वेळी सभागृहात जी शांतता पसरते तिचे मोल मला नऊ वर्षांच्या अनुभवाने पक्के ठाऊक झाले आहे.

म्हणूनच मागच्या वर्षी माझ्या हातून झालेली चूक मला अजून सलते. रंगाऱ्याला मजकूर १५ डिसेंबरच्या आत द्यावा लागतो. तो आम्ही दिला, आणि २७ डिसेंबरला आमच्या शेजारच्या गावच्या एक आजी गेल्या. पंचक्रोशीत सगळे त्यांना ‘माय’ म्हणत. कानबाई या खानदेशातल्या देवीची गाणी त्यांच्याइतकी कुणालाही येत नव्हती. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की चार-पाच गावांतून त्यांना बोलावणे असे, आणि रात्रभर त्या सांगतील त्या क्रमाने गाणी म्हटली जात. फलक तयार झालेला असल्यामुळे त्यांचे नाव त्यावर आले नाही. पुढच्या फलकावर घेऊ, असे मी त्यांच्या मुलाला सांगितले होते. परवा यंदाच्या फलकासाठी समितीची बैठक झाली तेव्हा काही सदस्यांनी हरकत घेतली की त्या तर मागच्या वर्षी गेल्या, यंदाच्या यादीत त्यांचे नाव कसे घालणार? दुसरी हरकत अशी की छापील मजकुरात कुठेही त्यांचे नाव आलेले नाही, तेव्हा त्यांना ‘उल्लेखनीय’ कोणत्या आधारावर म्हणायचे?

पहिल्या हरकतीला माझ्याकडे नियमात बसणारे उत्तर नव्हते आणि दुसरीला उत्तर देताना माझा आवाज चढला, याचे मला वाईट वाटते. यंदाच्या श्रावणात त्यांच्याच गावात गाणी म्हणायला बसलेल्या बायका मधल्या एका कडव्याशी अडल्या आणि बराच वेळ कुणीच काही बोलले नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा जाणकारांनी मला सांगावे : अशी यादी कोणत्या तारखेला बंद करावी, आणि तीत कोणाला घ्यावे हे कोणी व कशावरून ठरवावे?

उत्तर : निवृत्त ग्रामसेवक, पारोळा

दादा, तारखेचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. मी नोकरीची बहुतेक वर्षे जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या. १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमाखाली मृत्यूची माहिती देण्यासाठी २१ दिवसांची मुदत असते, कारण घरात दुःख घडलेले असताना माणसे कागदाच्या मागे लागू शकत नाहीत, हे कायदा करणाऱ्यांनाही समजत होते. त्यानंतर विलंब शुल्क भरून नोंद होते, आणि एक वर्षाहून अधिक उशीर झाला तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होते. उशीर झाला म्हणून नोंद कायमची नाकारायची, असे कायदासुद्धा म्हणत नाही. मग आपल्या वाचनालयाने कायद्याहून कठोर का व्हावे? ३१ डिसेंबरला गेलेल्या माणसाची नोंद २१ जानेवारीपर्यंत मुदतीतच असते. आपला फलकही २१ जानेवारीपर्यंत उघडा ठेवावा आणि २६ जानेवारीला, गाव एरवीही झेंडावंदनाला जमतेच तेव्हा, वाचून दाखवावा असे मला वाटते.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण ती अनेकांच्या लक्षात येत नाही. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे घडला तिथे होते, माणूस जिथे राहत होता तिथे होत नाही. आपल्याकडची माणसे शेवटच्या आजारपणात नाशिकला, मुंबईला, पुण्याला नेली जातात आणि नंदुरबार-नवापूरकडची सुरतेला नेली जातात. आयुष्यभर पारोळ्यात राहिलेल्या माणसाची मृत्युनोंद गुजरातेतल्या महापालिकेत असू शकते. त्यामुळे नुसते गावचे दप्तर चाळून यादी केली, तर ज्यांना उपचारासाठी बाहेर नेणे परवडले ती सगळी माणसे तीतून गळतात. माझ्या गावची अशी एक यादी मी हौसेने केली होती आणि ती लोकांसमोर वाचल्यावर तिसऱ्या मिनिटाला एका बाईंनी विचारले की आमचे अण्णा कुठे आहेत. घरोघरी विचारण्याला पर्याय नाही.

जुन्या काळातल्या नोंदी हव्या असतील तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुके, म्हणजे गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, असतात. त्यांतल्या जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत, तेव्हा वाचणारा जाणकार बरोबर न्यावा लागतो.

उत्तर : इतिहासाचा विद्यार्थी, धुळे

ग्रामसेवक साहेबांच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्याला खानदेशातलाच सर्वांत ठळक दाखला देतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले ते ३१ डिसेंबर १९२६ रोजी, म्हणजे वर्षाच्या अगदी अखेरच्या दिवशी. ३१ डिसेंबर २०२६ ला त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतात. समजा त्या वेळी धुळ्यात आपल्यासारखे एखादे वाचनालय असते आणि त्याने १५ डिसेंबरला रंगाऱ्याकडे मजकूर दिला असता, तर १९२६ च्या फलकावर राजवाडे नसते. आणि आपल्या समितीतील सदस्यांचा युक्तिवाद मान्य केला असता, तर १९२७ च्या फलकावरही नसते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढणारा, पुढे तिचे बावीस खंड सिद्ध करणारा, जुनी दप्तरे मिळवण्यासाठी गावोगाव पायपीट केलेला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करणारा माणूस निव्वळ तारखेच्या सोयीपायी दोन्ही वर्षांच्या मधल्या फटीत पडला असता. सुदैवाने धुळेकरांनी फलकाच्या पलीकडचे काम केले आणि १९२७ मध्येच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, त्यामुळे त्यांनी जमवलेली कागदपत्रे या शहरात टिकून राहिली.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना याच उदाहरणावरून आणखी एक गोष्ट मांडतो. राजवाडे जन्माने खानदेशी नव्हते. ते कोकणातल्या वरसईचे होते आणि त्यांच्या आयुष्याची मोठी वर्षे पुण्याशी जोडलेली होती. तरीही धुळ्याच्या यादीत त्यांचे नाव असणे मला रास्त वाटते, कारण त्यांनी शेवटच्या वर्षांत राहण्यासाठी हे गाव निवडले आणि त्यांच्या मागे त्यांचे काम याच गावाने सांभाळले. साने गुरुजींचेही तसेच आहे. जन्म पालगडचा, ११ जून १९५० रोजी मृत्यू मुंबईत, परंतु अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले शिक्षक, तिथल्या छात्रालयातल्या मुलांना पहाटे उठवणारे गुरुजी, आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने उतरवून घेणारे कैदी म्हणून ते आपले आहेत, यावर अमळनेरच्या माणसाला मी काही सांगायला नको. म्हणून माझी सूचना अशी, की जन्म, मृत्यू आणि काम या तिन्हींपैकी कोणत्या नात्याने ते नाव आपल्या यादीत आले, हे प्रत्येक नावापुढे स्पष्ट लिहावे. नाते लिहिले की वाद बराच ओसरतो.

नावांच्या सारखेपणाबद्दल एक सावधगिरीही सुचवतो. समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते जमवून धुळ्यात श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे करणारे शंकर श्रीकृष्ण देव आणि काँग्रेसचे पुढारी शंकरराव देव या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, आणि मी स्वतः एका स्मरणिकेत एकाच्या नावाखाली दुसऱ्याचे छायाचित्र छापलेले पाहिले आहे. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, लिहिण्याचा कंटाळा करू नये.

उत्तर : छायाचित्रकार, चाळीसगाव

३१ डिसेंबरचा विषय निघाला आहे, तर आमच्या गावचे नाव मी घेतलेच पाहिजे. छायाचित्रकार केकी मूस यांचेही निधन ३१ डिसेंबरलाच झाले, साल १९८९. खानदेशाने आपली दोन मोठी माणसे वर्षाच्या एकाच शेवटच्या तारखेला गमावली आहेत, एवढ्यावरूनच डिसेंबरच्या मध्यावर यादी बंद करण्याची पद्धत आपल्या मुलखात तरी सोडून द्यायला हवी.

तथापि मला लिहायचे आहे ते फलकावरच्या त्या दोन-चार ओळींविषयी. मूस यांच्याबद्दल चाळीसगावात कोणालाही विचारा, तो तुम्हाला रेल्वे स्टेशनजवळचा बंगला, जन्मभर बंगल्याबाहेर न पडलेला माणूस, आणि येणाऱ्या गाडीकडे लागलेले त्याचे डोळे, ही कथा सांगेल. मीही लहानपणी तीच ऐकली आणि त्या बंगल्यावरून जाताना आम्ही मुले चालण्याचा वेग वाढवत असू. पुढे कॅमेरा हातात आल्यावर मला उमगले की या कथेने त्यांचे काम झाकून टाकले आहे. टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून, प्रकाश कुठून किती पाडायचा याच्या विलक्षण जाणिवेतून, डोंगर, बर्फ, वाळवंट, वादळी रात्र असे देखावे त्यांनी उभे केले. टेबलटॉप छायाचित्रण या प्रकारात त्यांचे नाव देशाबाहेर गेले. त्याशिवाय ते चित्रकार होते, शिल्पे घडवत होते. खोलीबाहेर न जाता सारा निसर्ग खोलीत आणणाऱ्या या माणसाची एक चौकट कशी साधली असेल याचा मी आजही विचार करतो, आणि दोन दिवे व मूठभर कापूस घेऊन तसा प्रयत्न केला आहे. कापूस कापूसच दिसतो. त्यांच्या हातून तो बर्फ होत असे.

बालकवींच्या बाबतीतही हेच घडते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म धरणगावचा, १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी कोवळ्या वयातल्या त्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी दिली, आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो कवी गेला. निसर्ग पाहण्यात तल्लीन झाल्यामुळे त्यांना गाडी दिसली नाही, असे सर्रास सांगितले जाते. त्या शेवटच्या क्षणी त्यांच्या मनात काय होते हे कोणालाही ठाऊक असणे शक्य नाही. फलकावर अपघात, ठिकाण आणि तारीख लिहावी, आणि उरलेली जागा कवितेला द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या मायबद्दल लिहितानाही ‘अखेरच्या श्वासापर्यंत गात राहिल्या’ असले वाक्य कोणी सुचवले, तर ते खरे आहे का हे त्यांच्या घरी विचारूनच लिहा.

उत्तर : शिक्षिका, यावल तालुका

दादा, मी आपला प्रश्न दोनदा वाचला. तारखेबद्दल वर जे लिहिले गेले ते योग्य आहे. मला आपल्या समितीच्या दुसऱ्या हरकतीबद्दल बोलायचे आहे, कारण ती ऐकून मला मनापासून वेदना झाली.

छापील मजकुरात नाव नाही म्हणून माणूस उल्लेखनीय नाही, ही कसोटी लावून १९५१ सालची खानदेशाची यादी करून पाहा. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. असोद्याच्या महाजनांची लेक, जळगावच्या चौधरींची सून, लहान वयात लग्न झालेली, तिशीत विधवा झालेली, अक्षर ओळख नसलेली शेतकरीण; त्या दिवशी त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. त्यांचे पुत्र सोपानदेव कवी म्हणून महाराष्ट्राला माहीत होते, आई माहीत नव्हती. १९५० च्या यादीत साने गुरुजींचे नाव कोणीही न सुचवता पहिल्या ओळीत आले असते. १९५१ च्या यादीसाठी बहिणाबाईंचे नाव सुचवणाऱ्याला समितीने विचारले असते, की यांनी काय केले? सोपानदेवांनी आणि घरातल्या मंडळींनी काम करता करता आई जे म्हणत असे ते वहीत उतरवून ठेवले होते, ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली, आणि १९५२ साली गाणी छापून आली. वर्षभराच्या आत अख्ख्या मराठीला कळले की आदल्या वर्षी आपण कोणाला गमावले. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

ती वही नसती तर? हा प्रश्न मी वर्गात मुलींना विचारते. आमच्या घरी तसेच झाले, म्हणून विचारते. माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या किती येत होत्या याची मोजदाद कोणी केली नाही. ती दळायला बसायची आणि आम्ही तिच्या मांडीवर झोपायचो, एवढेच. ती गेल्यावर आम्ही चौघी बहिणींनी बसून आठवून आठवून लिहिल्या, तेव्हा पूर्ण अशा तीनच निघाल्या. बाकी साऱ्यांचे पहिले चरण आठवतात आणि पुढे काही नाही. तेव्हा आपल्या गावातल्या बायका मधल्या कडव्याशी अडल्या असे आपण लिहिलेत, ते मला अगदी डोळ्यांसमोर दिसले. समितीला पुरावा हवा असेल तर तो हाच आहे : एक माणूस गेले आणि चार गावांना पुढचे कडवे येईनासे झाले. याहून मोठी उल्लेखनीयता कोणत्या छापील कात्रणात सापडणार आहे?

म्हणून माझी विनंती अशी की फलकाबरोबर एक वही ठेवा. जे त्या वर्षी समजले नाही ते पुढे दहा वर्षांनी समजले तरी त्या वहीत, मूळ सालाच्या पानावर, लिहिता आले पाहिजे. प्रत्येक सालामागे चार पाने कोरी सोडा. बायकांची नावे लिहिताना माहेरचे आणि सासरचे, दोन्ही गावांसह लिहा. नाहीतर त्या ‘अमक्याच्या मातोश्री’ एवढ्याच उरतात आणि माहेरच्या गावाला आपले माणूस गेल्याचे कळतही नाही. आणि गाणे म्हणणारी व्यक्ती असेल तर तिच्या एका गाण्याच्या दोन ओळी, तिच्याच बोलीत, लिहा. त्यांचे प्रमाण मराठीत शुद्धीकरण करू नका. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली आहे, आपल्याकडची कानबाईची गाणी अहिराणीत आहेत; दोन्हींना सरसकट ‘खानदेशी’ म्हणून एका पिशवीत भरण्याची सवय बाहेरच्यांना आहे, आपल्याला नसावी.

तारखा तपासण्याबद्दल एक अनुभव सांगते. बहिणाबाईंचा जन्म १८८० च्या नागपंचमीचा, आणि तारीख २४ ऑगस्ट, असे एकाच वाक्यात अनेक ठिकाणी छापलेले सापडते. नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला असते आणि १८८० साली ती ऑगस्टच्या ११ तारखेच्या सुमारास येते. २४ ऑगस्टला वद्य पक्ष चालू होता. म्हणजे ही दोन्ही विधाने एकदम खरी असू शकत नाहीत. इतक्या मोठ्या कवयित्रीच्या बाबतीत हे होते, तर आपल्या फलकावरच्या नावांच्या बाबतीत किती होत असेल! घरची माणसे बहुधा तिथी सांगतात. पंचांग काढून तारखेशी मेळ घालण्याचे काम लिहिणाऱ्याने करावे.

उत्तर : नंदुरबारकर

माझे म्हणणे थोडक्यात आहे, पण ते आमच्या गावासाठी महत्त्वाचे आहे. १९४२ साली निवर्तलेल्यांची यादी कोणी केली की नंदुरबारपुढे एकच नाव येते : शिरीषकुमार. ९ सप्टेंबर १९४२ रोजी आमच्या गावात मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला त्यात शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशीधर केतकर आणि घनश्यामदास शाह अशी पाच मुले गेली. शिरीषकुमार तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता आणि त्याच्या धाडसाची गोष्ट सर्व महाराष्ट्राने शाळेत वाचली, याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र ‘शिरीषकुमार आणि इतर चार’ असे लिहिलेले मी वाचतो तेव्हा थांबतो. त्या चौघांनाही घर होते, त्यांच्याही आया त्या दिवशी दारात उभ्या राहिल्या असतील. आमच्या शाळेत ९ सप्टेंबरला पाचही नावे, प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबून, उच्चारली जात, आणि म्हणूनच ती मला आजही क्रमाने येतात. आपल्या फलकावर एकाच घटनेत अनेक जण गेले असतील, अपघात असो वा पूर असो, तर ‘व इतर’ हा शब्द वापरू नये. जागा कमी पडली तर अक्षर लहान करावे.

जिल्ह्याच्या सीमांबद्दलही हाच सैलपणा ठेवावा. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि पश्चिम खानदेशातून, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यातून, आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला तो १९९८ साली. या रेषा कचेऱ्यांसाठी आहेत. माणसे त्या पाहून जगली नाहीत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : वाचनालय कार्यकर्ता, अमळनेर तालुका

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, याबद्दल ऋणी आहे. सगळी उत्तरे मी कागदावर उतरवून काल समितीच्या बैठकीत वाचून दाखवली. राजवाडे आणि केकी मूस यांच्या तारखा ऐकल्यावर पहिल्या हरकतीवर फारशी चर्चाच झाली नाही. फलकाची यादी यापुढे २१ जानेवारीपर्यंत उघडी राहील आणि वाचन २६ जानेवारीला होईल. ३१ डिसेंबरच्या सायंकाळची सवय मोडणार म्हणून दोन ज्येष्ठ सदस्य हळहळले; त्यांच्यासाठी यंदा ३१ डिसेंबरला राजवाडे यांच्या शताब्दीनिमित्त वाचन ठेवले आहे.

‘कोणाला घ्यावे’ यावर मात्र रात्री साडेदहापर्यंत बसलो. सीमेचा प्रश्न ना. धों. महानोरांवरून निघाला, कारण ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले त्या वर्षी आमच्या फलकावर त्यांचे नाव घ्यावे की नाही यावर असाच वाद झाला होता. त्यांचे गाव पळसखेडे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले, म्हणून ते मराठवाड्याचे. पण त्यांचे शिक्षण शेंदुर्णी-जळगावकडचे, आणि अजिंठ्याच्या डोंगराच्या या अंगाला त्यांच्या शब्दांतली माती आमच्या शेतातल्या मातीसारखीच आहे. स्मिता पाटील यांचाही विषय निघाला. जन्म पुण्याचा, १३ डिसेंबर १९८६ रोजी मृत्यू मुंबईत, परंतु त्यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, आणि त्या बातमीने शिरपुरात घरोघरी चूल पेटली नव्हती असे आमच्या एका सदस्यांनी सांगितले. त्या सदस्यांचे आजोळ तिथले आहे. धुळ्याच्या मित्रांनी सुचवल्याप्रमाणे नावापुढे नाते लिहायचे ठरल्यावर ही दोन्ही नावे जुन्या सालांच्या पानांवर कोणत्याही आक्षेपाविना गेली.

होय, वही घेतली आहे. बांधीव, चारशे पानी, शिक्षिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक सालामागे चार कोरी पाने सोडून. रकाने आखलेले नाहीत, कारण रकाना दिसला की माणसे तेवढेच लिहितात. नाव, माहेर-सासर किंवा गाव, काम, आणि हे आम्हाला कोणी सांगितले, एवढे प्रत्येक नोंदीत असावे असे ठरले आहे. शेवटचा मुद्दा मी आग्रहाने घालून घेतला, म्हणजे उद्या कोणाला दुरुस्ती करायची असेल तर विचारायला जाता येईल. छापील कात्रणाची अट काढून टाकली आहे. दोन वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी सांगितलेले पुरेसे मानले जाईल.

आज सकाळी वहीतली पहिली नोंद करण्यासाठी मी मायच्या घरी गेलो. मुलगा शेतात होता, सुनेने बसायला घातले आणि त्यांना बोलावून आणले. त्यांनी पेटीतून मृत्यूचा दाखला काढून माझ्या हातात दिला. त्यावर २८ डिसेंबर ही तारीख आहे. २७ च्या रात्री त्यांना तालुक्याला नेले आणि पहाटे त्या गेल्या. गावाच्या हिशेबी ती रात्र २७ चीच होती, म्हणून सगळे, आणि मीसुद्धा, २७ म्हणत राहिलो. इथे प्रश्न विचारतानाही मी तीच चुकीची तारीख लिहिली, ती कृपया दुरुस्त करून वाचावी. वहीत २८ लिहिली आहे. माहेर पारोळा तालुक्यातले निघाले, ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ग्रामसेवक साहेब, त्या गावात त्यांच्या बरोबरीच्या, त्यांची गाणी येणाऱ्या कोणी आजी अजून आहेत का, याची आपण चौकशी कराल का? अडलेले कडवे तिथे मिळेल असे त्यांच्या सुनेला वाटते.

उत्तर : निवृत्त ग्रामसेवक, पारोळा

गावाचे नाव खासगी निरोपात कळवा. रविवारी जाऊन येतो. बरोबर रेकॉर्डिंगसाठी नातवाला नेतो.